नळीतली फुंकर

बायसनच्या शिकार-परवान्याच्या सोडतीत आर्डिस क्वालेचं नाव निघालं, आणि सगळ्यात मोठी पंचाईत आर्डिसचीच झाली.

तिचा थोरला भाऊ ऑरिन सव्वीस वर्षं न चुकता त्या सोडतीचा अर्ज भरत होता. सव्वीस वर्षांत एकदाही त्याच्या नावाची चिठ्ठी वर आली नाही. आर्डिसने जन्मात एकदाच अर्ज भरला, तोही शिकारीच्या हौसेने नव्हे. या सोडतीत खरंच कुणाचं नाव निघतं, की सगळी नुसती धूळफेक आहे, एवढंच तिला बघायचं होतं. बघायला मिळालं. परवाना ज्याच्या नावाचा त्यानेच गोळी झाडायची, दुसऱ्याला तो देता येत नाही. त्या दिवसापासून ऑरिन तिच्याशी हवा-पाण्यापलीकडे काही बोलेना. "बर्फ पडेलसं दिसतंय" एवढं म्हणून तो चर्चच्या पायऱ्या उतरून जायचा.

त्यात घरातलं जुनं दुखणं होतंच. नऊ वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा त्यांची मोठ्या तोंडाची जुनी रायफल आर्डिसच्या वाट्याला आली आणि ऑरिनला मिळाला मासेमारीच्या गळांचा पत्र्याचा डबा. चाळीस वर्षं बाबांच्या शेजारी बर्फात पोटावर झोपलेल्या मुलाला डबा, आणि शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेल्या मुलीला रायफल! बाबांनी असं का केलं हे कुणालाच कळलं नाही. ऑरिनने तो अपमान निमूटपणे गिळला. आर्डिसला मात्र ते कोडं नऊ वर्षं कुरतडत होतं. न कळलेली गोष्ट तिला पचतच नसे. सातव्या वर्षी तिने आजीचं घड्याळ खोलून ठेवलं होतं. ते पुन्हा कधी चाललं नाही, पण आधी का चालत होतं ते तिला कळलं, आणि त्या समाधानात तिने मारही आनंदाने खाल्ला.

बाबांचा एक नियम होता. शंभर वारांवर केक भाजायची पत्र्याची थाळी टांगायची. लागोपाठ पाच गोळ्या थाळीत गेल्या तरच ती रायफल जिवंत जनावरावर रोखायची. चार गेल्या तर घरी बसायचं. मध्ये नळी पुसायची नाही, कारण डोंगरातलं जनावर तुमची साफसफाई बघत थांबत नाही, असं त्यांचं म्हणणं.

सोमवारी आर्डिसला शिकारीसाठी गार्डिनर गावाकडे निघायचं होतं. तिकडे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून बायसनचे कळप खाली उतरायला लागले होते. तिने मनाशी ठरवून टाकलं: रविवारपर्यंत पाचही गोळ्या थाळीत गेल्या तर बाबांची रायफल न्यायची. नाही गेल्या तर शेजाऱ्याची दुर्बीण लावलेली नवी रायफल उसनी घ्यायची, आणि बाबांची रायफल कायमची ऑरिनच्या दारात नेऊन ठेवायची. ज्याचं ती ऐकते त्याचीच ती. हे तिने कुणाला सांगितलं नाही, पण त्या विचाराने तिला दोन रात्री धड झोप आली नाही. ती रायफल तिला हवी होती. का हवी होती ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

मंगळवारी गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत तिने पहिल्या पाच झाडल्या. पहिली थाळीच्या मधोमध. दुसरी तिला चिकटून. तिसरी काठावर. चौथी बर्फात, आणि पाचवी कुठे गेली ते देवालाच ठाऊक.

तिला राग यायला हवा होता. आला नाही. खरं सांगायचं तर तिला मजा वाटायला लागली.

तीस वर्षं दोनशे पोरांना खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल खाऊ घातलेली बाई ती. रोल बिघडले की काय करायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बुधवारी तिने गॅरेजचा दरवाजा सताड उघडा टाकून शिसं वितळवलं. वीस भाग शिशाला एक भाग कथील, हे बाबांचं प्रमाण. साच्यातून गोळ्या पाडल्या. एकेक गोळी जवळजवळ तीन तोळ्यांची, बोटाच्या पेराएवढी जाड. सगळ्या तराजूवर तोलल्या आणि उन्नीस-बीस असलेल्या परत भांड्यात टाकल्या. दुपारी खाणीत गेली. पहिल्या दोन मधोमध, मग तिसरी काठावर, चौथी बर्फात.

गुरुवारी तिने गोळीला फासायचं वंगण बदललं. मधमाश्यांचं मेण आणि मेंढीची चरबी यांचा नवा पाक केला, चरबी थोडी वाढवली. घरभर असा वास सुटला की मांजर दोन दिवस पायाशी घोटाळत राहिलं. खाणीत पुन्हा तोच प्रकार. दोन चांगल्या, पुढच्या बिघडलेल्या.

आणि रोज खाणीच्या तोंडाशी ऑरिनचा ट्रक उभा असायचा. काचा वर, इंजिन चालू, मांडीवर थर्मास. तो बघायचा आणि तिची पाचवी गोळी झाडून झाली की निघून जायचा. त्याला कारण ठाऊक होतं हे त्याच्या नुसत्या मानेवरून तिला कळत होतं. पण आमच्याकडे नेमबाज दुसऱ्या नेमबाजाला न विचारता काही सांगत नाही. ते वाईट दिसतं. आणि विचारणं तर त्याहून वाईट दिसतं. या रीतीपायी आमच्या खोऱ्यात कित्येक माणसं चुकीचं करत करतच म्हातारी झाली.

शुक्रवारी तिने बाबांचा नियम मुद्दाम मोडला. प्रत्येक गोळीनंतर ओल्या चिंधीने नळी पुसली. पाचही गोळ्या थाळीत! हे नियमात बसत नव्हतं, पण चोर सापडला होता. मग न पुसता आणखी तीन गोळ्या झाडून तिने घरी येऊन नळीत दिवा धरून पाहिलं. आत बंदुकीच्या काळ्या दारूची खरपुडी धरली होती, दूध करपल्यावर पातेल्याच्या बुडाशी धरते तशी. पहिल्या दोन गोळ्यांना ती अडवत नव्हती. तिसरीला वाट खडबडीत होत होती.

म्हणजे प्रश्न एवढाच उरला: बाबा न पुसता ती खरपुडी मऊ कशी ठेवायचे?

शनिवारी भांडी घासताना तिला आठवलं. लहानपणी ती कुंपणावर बसून बाबांची नेमबाजी लांबून बघायची. प्रत्येक गोळीनंतर रायफल उघडायची आणि तिच्यावर डोकी झुकायची. आई म्हणायची, "तुझा बाप रायफलीच्या कानात गुजगोष्टी करतो. माझ्याशी बोलायला तोंड नाही." आर्डिस हात पुसता पुसता थांबली. गुजगोष्टी कसल्या! ते फुंकत होते. तोंडातली वाफ आत सोडून खरपुडी ओली करत होते. आपण हे इतक्या वर्षांत ओळखलं नाही म्हणून ती स्वतःवरच चिडली, आणि मग एकटीच हसली.

रविवारी सकाळी पारा शून्याच्या बराच खाली होता. हवा इतकी कोरडी की नाकातले केस ताठ झाले. ऑरिनचा ट्रक आधीच येऊन उभा होता. आर्डिसने पहिली गोळी झाडली. मधोमध. तिने रायफलचं मागचं तोंड उघडलं, रिकामं काडतूस काढलं, खाली वाकली आणि त्या उघड्या पोलादाला ओठ लावून लांब फुंकर मारली.

फुंकर आत गेली, पण ओठ तिथेच राहिले.

तीस वर्षं दर हिवाळ्याच्या पहिल्या दिवशी शाळेच्या मैदानात उभं राहून तिने पोरांना बजावलं होतं, झेंड्याच्या खांबाला जीभ लावू नका रे! दरवर्षी एक तरी गाढव लावायचंच, आणि कोमट पाण्याचा मग घेऊन तीच धावायची. आता ती गुडघ्यावर बसली होती, तोंड रायफलीला चिकटलेलं, पार्श्वभाग आभाळाकडे, आणि हाक मारायचीही सोय उरली नव्हती. तिने एक हात वर करून हलवला.

ट्रकचं दार उघडलं. बर्फात बुटांचा करकर आवाज आला. मग तो थांबला.

"झेंड्याचा खांब," ऑरिन म्हणाला.

"म्म्म!" आर्डिस म्हणाली.

"ओढू नकोस. कातडी निघेल. थांब, कॉफी आहे. कोमट झालीय."

त्याने थर्मासमधली कॉफी ओठावर आणि पोलादावर जपून ओतली. थोडी तिच्या बाहीतही गेली. ओठ सुटला, पण कातडीची एक चकटी मागे ठेवून. तिने तोंडावर हातमोजा दाबून धरला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कशाचं हे तिने स्वतःलाही विचारलं नाही.

"हस," ती म्हणाली. "एकदाचा हसून घे."

"मी कुठे हसतोय?" तो म्हणाला. पण त्याचे खांदे हलत होते. बघता बघता तो बर्फात मटकन बसला आणि खोकला लागेपर्यंत हसला. सव्वीस वर्षांचं नाही, पण निदान जूनमधल्या सोडतीपासूनचं त्यातलं पुष्कळ निघून गेलं असावं.

त्याचं हसणं ओसरल्यावर आर्डिसने ते केलं जे तिला आठवडाभर जमलं नव्हतं. "ऑरिन, बाबा कसे फुंकायचे?"

 तो उठला, ट्रककडे गेला आणि गळांचा तो पत्र्याचा डबा घेऊन आला. त्यातल्या गुंत्यातून त्याने हातभर लांबीची रबरी नळी काढली. तिच्या एका टोकाला बुडाशी भोक पाडलेलं रिकामं काडतूस बसवलेलं होतं.

"हे टोक रायफलीत, हे तोंडात," तो म्हणाला. "आणि बाबा फुंकायचे नाहीत. मी फुंकायचो. अशा थंडीत पाच-सहा लांब श्वास सोडावे लागतात. नेमबाजाने ते केलं की छाती धडधडते, चष्म्यावर वाफ धरते, आणि नेमाचं वाटोळं. म्हणून बाबा नेम धरायचे आणि फुंकर माझी."

आर्डिसने ती नळी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. नऊ वर्षांचं कोडं, आणि ते तिच्या भावाच्या डब्यात!

"म्हणजे त्यांनी रायफल मला दिली आणि ही तुला," ती हळूच म्हणाली. "मुद्दाम दिली असेल का रे?"

"बाबांनी? छे! एवढं सुचणारा माणूस आईच्या वाढदिवसाला बर्फाचं फावडं आणेल का?" ऑरिनने डब्याचं झाकण लावलं. "मला तर वाटलं म्हातारा चिडवतोय. जणू मरताना सांगून गेला, तू जन्मभर फक्त फुंक. नऊ वर्षं मी तेच धरून बसलो, आर्डी. आणि त्यात तुझी चिठ्ठी निघाली. मला तुझा फार राग आला होता. अजून थोडा आहे."

"राहू दे थोडा," ती म्हणाली. "आता फुंकतोस का?"

तो तिच्या डाव्या बाजूला गुडघ्यावर बसला. नळीचं टोक बसवलं आणि फुंकला. सावकाश, लांब, सहा वेळा. समोर रायफलीच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली आणि हवेत विरली. त्याने नळी काढून घेतली. "भर," एवढंच म्हणाला. तिने काडतूस भरलं, काठ्यांच्या फुलीवर रायफल टेकवली आणि चाप ओढला. धूर पांगला. थाळी झुलत होती.

तिसरी आत, चौथीही आत. पाचवीला तिचा ओठ ठणकायला लागला होता. धूर विरला. मग ऑरिनने दुर्बीण डोळ्याला लावली आणि बराच वेळ काढलीच नाही.

"अरे बोल ना मेल्या!"

"काठावर," तो म्हणाला. "पण आतल्या बाजूने."

दोघं थाळी आणायला चालत गेली. आर्डिसने पाचही भोकांत पाळीपाळीने बोट घालून पाहिलं. रायफल तिचीच राहणार होती. तिला इतकं हलकं वाटलं की तिने ते बोलूनही दाखवलं, आणि हरली असती तर रायफल त्याच्या दारात येणार होती हेही सांगून टाकलं.  परत येताना ऑरिन वाटेत थांबला.

"एक सांगू? उद्या तुला फुंकरीचं काही काम नाही. बायसनवर एकच गोळी झाडायची असते, स्वच्छ नळीतून. आणि तुझी पहिली गोळी मंगळवारपासून मधोमध जातेय."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"मग आठवडाभर या थंडीत काय उकरत बसली होतीस?"

"चौथी का चुकते ते बघायचं होतं," आर्डिस म्हणाली. हे अगदी खरं होतं. थाळी काखेत धरून ती चार पावलं पुढे गेली आणि मागे न बघता म्हणाली, "आणि तू ट्रकमधून कधी उतरतोस ते."

ऑरिन जागीच उभा राहिला. "त्यापायी ओठ सोलून घेतलास."

"येईल कातडी परत. पाच वाजता निघू. रोल मी आणते, कॉफी तू आण."

सोमवारी पहाटे ती ट्रक गरम करायला बाहेर आली, तर तो तिच्या पायरीशी उभा होता. हातात थर्मास. ती रबरी नळी त्याच्या गळ्यात होती, कोटाच्या आत, गार पडू नये म्हणून.