उद्घाटनाआधी निकाल

बाभुळगावच्या कॉलेजात आठ कॉम्प्युटर एकमेकांना जोडले होते. कोणी शेताचे फोटो साफ करायचे, मग कोणी त्यातली कापसाची बोंडं मोजायची, मग साऱ्यांची बेरीज. कोणतं काम कशानंतर आणि कोणत्या मशीनवर, हे ठरवणारा प्रोग्राम अर्पितानं लिहिला होता. तो चालला की तिची हंगामी नोकरी कायम होणार होती. संस्थेचे अध्यक्ष पुंडलिकराव यांनी तसा शब्द दिला होता, आणि शब्दासोबत

अट: उद्घाटनाआधी काहीच सुरू व्हायचं नाही.

तिनं तेही प्रोग्रामात घातलं. साहेब बटण दाबतील, मशिनी सुटतील. पण मागच्या साली साहेबांनी एका नळाचं उद्घाटन केलं आणि नळातून नुसती हवा आली. तेव्हापासून ते सावध. म्हणून

अट: निकाल पाहिल्याशिवाय बटणाला बोट लावणार नाही.

अर्पितानं परोपरीनं समजावलं, की निकाल बटणासाठी थांबणार आणि बटण निकालासाठी. आठशे मशिनी आणल्या तरी आठशे थांबतील. साहेबांनी विचार केला आणि आणखी आठ मागवायचं कबूल केलं.

कार्यक्रमाच्या दिवशी हारतुरे झाले. पडद्यांवर 'थांबा' दिसायला हवं होतं. पण लॅब सांभाळणाऱ्या कपिलला ते पाहुण्यांसमोर बरं वाटेना, म्हणून त्यानं तिथं 'होऊन राह्यलं', म्हणजे काम चालू आहे, असं करून टाकलं होतं. आठही पडद्यांवर होऊन राह्यलं. एकही मशीन रिकामी नाही, म्हणून पाहुणे खूश. चहा संपेपर्यंत खूश.

मग चुळबुळ सुरू झाली.

अर्पितानं गुपचूप उद्घाटनाची अट खोडली. एका मशीननं साफ केलेला फोटो दुसरीनं उचलला, तोवर पहिलीनं पुढचा घेतला, आणि बघता बघता बेरीज पडद्यावर.

पुंडलिकराव तिच्या कानाशी वाकले. "मॅडम, हे तं होऊन गेलं. आता मी उद्घाटन कायचं करू?"

"निकाल पाहायचा होता ना, साहेब?"

"पाह्यला न. आता पुसा."

तिनं निकाल पुसला, बटण पुन्हा जोडलं. साहेबांनी बोट लावलं, त्यांचे फोटो निघाले, मशिनी पळाल्या, तोच आकडा आला.

साहेबांनी खिशातून तिच्या नेमणुकीचा कागद काढला. बटणाकडे पाहिलं. कागदाची घडी पुन्हा खिशात गेली आणि ते माईकवर आले.

"मशिनी माह्या एका बोटानं चालतेत, साऱ्याइनं पाह्यलं. मंग मॅडमले कायम कायले करा?"

टाळ्या पडल्या. सवयीनं अर्पितानंही वाजवल्या.