बॅटरीबाई हलल्या

"बाई, तुम्ही का हललात, एवढंच सांगा," मॅनेजर तिसऱ्यांदा म्हणाले.

आत्याने त्यांच्या मोबाइलवरच्या, कोणा प्रेक्षकाने पाठवलेल्या व्हिडिओकडे पाहिलं. पडद्यावर अंधार होता, उभ्या माणसांच्या पाठी होत्या आणि त्यांच्यामधून बॅटरीचा उजेड उड्या मारत चालला होता. मागे राष्ट्रगीत वाजत होतं.

"चूक झाली," आत्या म्हणाली.

"अहो, झाली ते मलाही दिसतंय. का झाली?"

"झाली."

मी दाराशी दप्तर मांडीवर घेऊन बसले होते. माझी शाळा दुपारी सुटते, आईची कामाची पाळी संध्याकाळी संपते, म्हणून मधला वेळ मी थिएटरवर आत्याजवळ काढते. गेल्याच महिन्यात मी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. तेव्हापासून गप्प बसायचं म्हटलं की माझ्या पोटात दुखायचं. मी उठलेच.

"सर, आत्या काही उगाच..."

"तू बस," आत्या म्हणाली. वळलीसुद्धा नाही.

आत्या अंधारात लोकांना जागा दाखवते. हातात कायम बॅटरी, म्हणून सगळे तिला बॅटरीबाई म्हणतात. खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत उरलंय. प्रत्येक खेळाआधी राष्ट्रगीत लागतं, आणि तेव्हाचा नियम सोपा आहे: दारं लावायची, उशिरा आलेल्यांना बाहेर थांबवायचं आणि आपण असू तिथे ताठ उभं राहायचं. दिवसाला चार खेळ, अशी बत्तीस वर्षं. एकदा एक पिक्चर असा आपटला की दुपारच्या खेळाला कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. आत फक्त आम्ही दोघी. तरी राष्ट्रगीत लागल्यावर ती उभी राहिली, अगदी हनुवटी वर करून.

"कोण बघतंय इथे?" मी नंतर विचारलं.

"मी बघतेय की," ती म्हणाली.

तिच्या घरीही बघणारं कोणी नाही. एक खोली, एक खुर्ची. मी गेले की ती खुर्ची मला देते आणि आपण बादली उपडी घालून बसते.

मॅनेजरांनी मोबाइल उलटा ठेवला. "हे बघा, बत्तीस वर्षांत तुमची एक तक्रार नाही. मलाही कसंतरीच वाटतंय. पण वर उत्तर द्यावं लागतं हो. कारण असेल तर दोन ओळी लिहून द्या, विषय संपला. नसेल तर सोमवारपासून तुम्हाला तिकीट खिडकीत बसवावं लागेल."

आत्याने हातातली बॅटरी एकदा लावून बंद केली. मग ती म्हणाली, "खिडकी चालेल."

आणि बॅटरी टेबलावर ठेवून बाहेर आली.

जिन्यात मी तिला गाठलं. "का नाही सांगितलंस? दोन ओळींचं तर काम होतं."

"त्या दोन ओळींत घड्याळवाल्यांचं नाव आलं असतं."

घड्याळवाले आजोबा मला माहीत होते. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. दर बुधवारी दुपारच्या खेळाला एकटे येतात, चौथी ओळ, कडेची खुर्ची. पिक्चर कुठलाही चालतो, भुताचासुद्धा. गुडघे कधीचेच संपावर गेलेत, पण राष्ट्रगीताला बसायचं नाही म्हणजे नाही. म्हणून आत्या बुधवारी आधीच त्यांच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहायची आणि ते तिचा दंड धरायचे. अंधारात कोणाला कळायचं नाही. त्या दोघांनीही याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

"त्या दिवशी एका बाईंचा चष्मा खुर्च्यांखाली गेला," आत्या म्हणाली. "तो शोधेपर्यंत गाणं सुरू झालं. मी तिकडे दाराशी. ते उठले, पुढची खुर्ची चाचपली आणि डुलायला लागले. मग काय, मी धावले."

"मग हेच सांगायचं ना मॅनेजरांना. तुला बक्षीस द्यायला पाहिजे."

"मॅनेजर भला माणूस आहे गं. म्हणूनच तो लगेच त्यांच्या घरी फोन करणार. मुलाने बजावलंय, आता एकदा जरी तोल गेला तरी बाहेर पडणं बंद. आठवड्यात त्यांना हा एवढाच दिवस आहे."

"आणि तुला काय आहे?"

"मला? खिडकीत पंखा आहे."

"मी देते लिहून. मला छान जमतं."

"तुला जमतं हे ठाऊक आहे, म्हणून तर सांगतेय. एक शब्द बोललीस तर या थिएटरात पाऊल टाकायचं नाही."

घरी जाऊन मी तरीही दोन पानं लिहिली. 'न्याय' हा शब्द सात वेळा आला. ती पानं अजून गणिताच्या वहीत आहेत.

पुढच्या बुधवारी मी खिडकीबाहेरच्या बाकावर बसले होते. तिथे आतलं काही ऐकू येत नाही, दारं फार जाड आहेत. आजोबा एकेक पायरी चढून आले.

"एक द्या. चौथी ओळ, क..." ते थांबले. "बाई, तुम्ही इकडे?"

"बदली मागितली. दिवसभर उभं राहून पाय दुखतात आता."

आजोबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. बिघडलेलं घड्याळ कानाशी धरून ऐकावं, तसं.

"आत कोण असतं?"

"नवीन मुलगी. चुणचुणीत आहे."

"तिला काही..."

"काही सांगितलेलं नाही."

"बरं केलंत."

"आजोबा, मी येते तुमच्याबरोबर," मी म्हटलं.

"नको बाळ. तुझ्याजवळ दप्तराचं ओझं आहे." त्यांनी तिकीट खिशात ठेवलं आणि माझ्या शेजारी बसले. "गाणं झाल्यावर जाईन मी. उशिरा येणारे जातात तसा."

रांग पुढे सरकत होती. आत्या तिकिटं देत होती आणि मधूनच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मग एकदम ती खुर्चीवरून उठली आणि ताठ उभी राहिली.

आजोबांनी ते पाहिलं. बाकाचा हात धरून तेही उठले, दोन पावलं टाकून खिडकीच्या कट्ट्याला त्यांनी एका हाताने धरलं आणि मान सरळ केली.

"काय झालं? खिडकी बंद का?" रांगेतल्या एकाने विचारलं.

"एक मिनिट," मी म्हटलं.

कुठूनही काही ऐकू येत नव्हतं. आजोबांचं मनगट थरथरायला लागलं, मग खांदा. आत्याचा हात उठला आणि काचेखालच्या फटीशी आला. ती फट तिकीट जाईल एवढीच होती.