लाल वॉशर

दारव्ह्यात मोईनच्या गॅरेजचं शटर शुक्रवारी दुपारी अर्धंच खाली असतं. आत तिघांची फाशांच्या खेळातली लढाई रंगलेली असते. मोईन गोष्ट चालवतो आणि शत्रूंचे फासे टाकतो. त्याची बहीण गझाला ढालवाली बेगम होते. तहसीलमधला बाबू पियूष होतो वैद्य. सोंगट्या सगळ्या भंगारातल्या. प्रत्येकापुढे एक लांब बोल्ट, त्यावर जिवाचे नट. घाव बसला की नट काढायचा. फेरीअखेरही बोल्ट रिकामाच राहिला की पात्र मेलं, त्याचा कागद फाडायचा, हा मोईनचा निर्दयी कायदा.

पियूषनं आपला वैद्य तीन वर्षं जपला होता. आज त्याचे दोनच नट उरले होते आणि शेजारी राक्षस, म्हणजे एक काळपट स्पार्क प्लग, उभा होता. राक्षसाचा दणका दोन नटांचा. नोकरीच्या परीक्षेतही पियूष इतका घाबरला नव्हता.

गझालाची पाळी आली. तिनं वार केलाच नाही. स्पार्क प्लगवर लाल वॉशर अडकवला.

"निशाण केलं."

म्हणजे आता राक्षसानं बेगम सोडून दुसऱ्या कोणावर हात उचलला, तर त्याच्या फाशातून पाच वजा, वर बेगमचा एक वार फुकट.

मोईननं डोकं खाजवलं. "राक्षस काही येडा नाही. वैद्याले मारून कायले नुकसान करून घेईन? थो बेगमलेच हानते."

वीस बाजूंचा फासा सतरावर थांबला. घाव बसला.

गझालानं बोल्टवरचा तळहात उचलला. खाली एकच नट होता. तिनं तो शांतपणे काढला आणि वॉशरही उचलला. बेगम पडली की निशाण जातं.

"एकच होता? मंग काहून केलं?" पियूषनं विचारलं.

"मी पडली तं तू उठवशीन. तू पडला असता तं तुले कोन उठवलं असतं?"

फेरी संपायच्या आत वैद्य आपला नट दुसऱ्याला देऊ शकतो. तीन वर्षांत पियूषनं एकदाही दिला नव्हता. स्वतःचा जीव त्याला फार प्यारा. हे गझालाला चांगलं माहीत होतं, तरी तिनं त्याच्यावर भरवसा टाकला होता. बाई मोठ्या काळजाची, असं त्याला मनापासून वाटलं आणि लाजही वाटली.

त्यानं एक नट काढून तिच्या बोल्टवर फिरवला. आता दोघांचा एकेक.

पुढच्या फेरीत गझालानं लाल वॉशर पुन्हा राक्षसावरच अडकवला.