बापाला दिलेला किराया

पगाराची स्लिप उघडली की अंकुशचं डोकं फिरायचं. वरचा आकडा असा, की माणसाने आजच सीताबर्डीच्या बाजारात जाऊन दोन शर्ट जास्तीचे घ्यावेत. आणि खाली येईस्तोवर पीएफ, व्यवसाय कर, इन्कम टॅक्स अशा कात्र्या लागत लागत हाती उरायचं काय, तर कसंबसं घर चालेल एवढं. चोरी नाही, लाच नाही; इमानेइतबारे राबायचं आणि पैसा हातात यायच्या आधीच सरकारने काढून घ्यायचा! सदर भागातल्या त्या ऑफिसात तो कित्येक वर्षं खुर्ची झिजवत होता, आणि दर महिन्याला हा संताप त्याला नव्याने यायचा.

अकाउंट्समधल्या ऋषिकेशला त्याचं हे रडगाणं पाठ झालं होतं. एक दिवस डबा खाताना तो म्हणाला, "अबे, तुझ्या पगारात घरभाडे भत्ता आहे ना? त्याच्यावर तू पूर्ण टॅक्स भरून राहिला. काहून?"

"मी किराया कुठं देतो? घर बाबांचं आहे."

"बाबांचं आहे, तुझं नाही. मग बाबाले महिन्याचे बारा हजार किराया दे. करारनामा कर, दर महिन्याले बँकेतून पाठव, पावती घे. तू टॅक्स जुन्या पद्धतीनं भरतं ना? मग किराया दाखवला की त्या भत्त्यावर टॅक्स माफ. बाबाले दुसरी कमाई नाही, त्यायले टॅक्स लागत नाही. तुझे वर्षाचे वीसेक हजार वाचतात."

"अन् महिन्याले बारा हजार बाबाले देऊन मी खाऊ काय? माती?"

ऋषिकेश हसला. "बँकेतून पाठवायचे अन् संध्याकाळी कॅश परत घ्यायची. घरातल्या घरात. कोण पाहायले येते?"

त्या दिवशी अंकुश घरी गेला तो शीळ घालतच.

त्याचे वडील देवाजी उभा जन्म सीताबर्डीच्या एका कापड दुकानात काउंटरमागे उभे राहिलेले. तिथे पेन्शन कसली नि काय कसलं! पण प्रताप नगरात धड रस्ताही नव्हता तेव्हा त्यांनी तिथे प्लॉट घेतला, आणि पोटाला चिमटा काढून घर बांधलं. बायको कांताबाई गेल्यापासून ते पुढच्या खोलीत राहायचे. मागे अंकुश, त्याची बायको मोनाली आणि शाळेत जाणारी पोरगी.

अंकुशने योजना सांगितली आणि म्हाताऱ्याचा भडका उडाला. "म्हणजे मी घरमालक अन् तू किरायदार? पोटच्या पोराकडून किराया घेऊ? लोकं तोंडावर थुंकतील माझ्या!"

"लोकांना कोण सांगायले जाते, बाबा?"

"अहो बाबा, नुसतं कागदावर आहे," मोनाली मधे पडली.

"कागदावर तर मी बिलकुलच खोटं लिहीत नाही, बाई. गिऱ्हाइकाले कधी बोटभर कापड कमी नाही दिलं मी. आता म्हातारपणी खोटी सही करू?"

झालं. दोन दिवस घरात अबोला. अंकुश चरफडत होता. बाहेरच्या जगात लोक बापाच्या नावावर काय काय करतात, आणि इथे एका सहीसाठी पाया पडायची वेळ! तिसऱ्या दिवशी सकाळी देवाजींनी स्वतःच हाक मारली. "आण तो कागद. पण किराया घेतला असं लिहायचं, तर तो घेतलाच पाहिजे. समजलं?"

"हो हो बाबा, बँकेतूनच येईल," अंकुश घाईघाईने म्हणाला आणि पेन पुढे केलं. संध्याकाळी पैसे परत द्यायचे असतात, हे सांगायचं राहूनच गेलं. घरातल्या घरात काय सांगायचं, असं त्याला वाटलं. बाप आहे, समजून घेईल.

पहिल्या महिन्याचे बारा हजार गेले. संध्याकाळी अंकुश पुढच्या खोलीत उगाच घुटमळला.

"बाबा, पैसे जमा झाले काय?"

"झाले ना. मोबाइलवर मेसेज आला."

"मग, एटीएमला जाऊन येऊ? मी घेऊन जातो गाडीवर."

"काहून? मले आज काही काम नाही." आणि देवाजींनी टीव्हीचा आवाज वाढवला.

विसरले असतील, असं म्हणत अंकुशने तो महिना ढकलला. दुसऱ्या महिन्यात पैसे पाठवताना त्याचा हात जड झाला, पण करारनामा ऑफिसात देऊन बसला होता. त्याने ऋषिकेशला गाठलं, तर तो म्हणतो, "मधेच बंद केलं तर सारंच खोटं ठरते, भाऊ. आता वर्षभर द्याच लागते." म्हणजे अक्कल देणाराही हाच आणि वर शहाणपण शिकवणाराही हाच! अंकुशला त्याचा डबा उचलून खिडकीबाहेर फेकावासा वाटला.

देवाजींचं मात्र छान चाललं होतं. एक दिवस ते मेट्रोने सीताबर्डीला गेले आणि नवा चष्मा करून आले. पायात नवे बूट आले. बीपीच्या गोळ्यांची पूर्ण महिन्याची पाकिटं स्वतःच आणून त्यांनी कपाटात रचली. चौकात चहाला गेले तर मित्रांचेही पैसे देऊ लागले. अंकुश हे सगळं बघायचा आणि मनात हिशेब करायचा. वर्षाचे वीस हजार वाचवायला निघालो आणि महिन्याचे बारा हजार घालवून बसलो. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!

"तुम्ही सरळ मागून काहून नाही घेत?" मोनाली वैतागून म्हणाली. "किराणा मी कसा भरून राहिली ते माझं मले माहीत. अन् आता शाळेचा व्हॅनवाला उद्यापासून पोरीले नेत नाही म्हणते. दोन महिन्यांचे राहिले त्याचे."

मग मात्र अंकुशचा बांध फुटला. तो तरातरा पुढच्या खोलीत गेला. "बाबा, ते पैसे परत द्यायचे असतात!"

देवाजींनी नवा चष्मा काढून हातात घेतला. "कोणता किरायदार किराया परत मागते गा?"

"अहो, तो काय खरा किराया आहे काय? टॅक्स वाचवायले केलं ना आपण! इथं माझी पार वाट लागून राहिली अन् तुम्ही बूट घेऊन राहिले!"

बोलून गेल्यावर त्याला बुटांचं बोलायला नको होतं असं वाटलं. पण संताप होता तो होताच.

देवाजी रागावले नाहीत, हेच जास्त वाईट झालं. ते सावकाश म्हणाले, "बस इथं. पाचशे रुपये पाहिजे असले ना, तर मले तुझ्या खुर्चीपाशी येऊन उभं राहा लागत होतं. तू मोबाइलमध्ये पाहून राहिला असतं. मी एकदा म्हणू, दोनदा म्हणू, मग तू मान वर करून म्हणशील, कायले पाहिजे, बाबा? परवाच तर दिले. गोळ्या इतक्या लवकर कशा सपल्या? तू नाही म्हटलं असं कधीच झालं नाही. देत होता तू. पण कधी कधी मी अर्धीच गोळी खाऊन दिवस काढत होतो, की पोराले पुन्हा काय विचारा."

"बाबा, मी काय..."

"ऐक. आता तू बारा हजार देतं अन् एका शब्दानं विचारत नाही. काहून? किराया आहे म्हणून. बापाले देतं तव्हा तुले हिशेब लागते."

अंकुशने ओरडावं, तर म्हातारा बोलला ते खरं होतं, आणि गप्प राहावं तर उद्या पोरगी शाळेत जाणार कशी? आतल्या घरात मोनालीने भांडी घासायची थांबवली होती. ती ऐकते आहे हे दोघांनाही कळत होतं.

तो उभाच राहिला. मागायचे शब्द त्याला ठाऊक होते. नोकरी लागल्यापासून ते त्याने बापाशी उच्चारले नव्हते.

"बाबा," तो शेवटी म्हणाला, "मले पाच हजार पाहिजे होते."

देवाजी उठले. कपाट उघडलं, गोळ्यांच्या पाकिटांमागून पैसे काढले आणि त्याच्या हातावर ठेवले. अंकुशला ते हातात धरून उभं राहवेना. तो भराभरा बोलू लागला, "व्हॅनवाल्याचे राहिले आहेत, दोन महिन्यांचे, अन् थोडा किराणा, पुढच्या महिन्यात मी..."

"अरे," देवाजी म्हणाले, "मी विचारलं काय तुले?"