भट्टीवरून परत फिरलेली बादली

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी बादली आहे. पाण्याची नव्हे, भंगाराची. माझ्या पोटात चाळीस टन मोडकं लोखंड मावतं. क्रेन मला उचलून भट्टीवर नेते, माझ्या तळाच्या दोन पाकळ्या उघडतात आणि सारं भंगार खाली लोखंडाच्या उकळत्या रसात कोसळतं. जपानमधल्या तोयामाच्या किनाऱ्यावरच्या या कारखान्यात मी एकोणीस वर्षं हेच करते आहे, आणि पहिल्या दिवसापासून घाबरते आहे.

मला आगीची भीती वाटत नाही. भीती वाटते ती पोटातल्या पाण्याची. रसाखाली पाणी गाडलं गेलं की क्षणात त्याची वाफ होते, आणि ती वाट काढताना माणसं पाहत नाही. माझ्या पोटात काय आहे ते मला कळतं, पण सांगता येत नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. भंगार तपासणारा प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणतो, "योशी." म्हणजे ठीक आहे. आमचे तपासणारे ओनिझुका सान, म्हणजे तुमच्याकडचे ओनिझुकाराव, दिवसाला शंभर वेळा म्हणत. हळूहळू बोट आणि आवाज आपापलं काम करू लागले. डोळे मात्र कधी कधी दुसरीकडेच असत.

क्रेन चालवत कुरामोची सान. जरा शंका आली की ते मला भट्टीवरून परत फिरवत. एका वर्षात त्यांनी मला सात वेळा रिकामं करायला लावलं आणि सातही वेळा काही निघालं नाही. सगळे त्यांना 'सासूबाई' म्हणू लागले.

पुढच्या जानेवारीत रात्रभर बर्फ पडला. सकाळी मला भरताना पोटात खोलवर काहीतरी डुचमळलं. "योशी," ओनिझुका सान म्हणाले आणि मी वर गेले.

भट्टीचं झाकण बाजूला सरकलेलं होतं. खाली दोन माणसं उभी होती. माझ्या पाकळ्या आता उघडणार, आता.

"ओनिझुका, बादली परत आणतोय," वायरलेसवर कुरामोची सानांचा आवाज आला.

"आठव्यांदा? योशी म्हटलं ना मी."

"एका सांध्यातून धार लागली आहे."

"बर्फ आहे तो. बर्फ वितळतो, शाळेत शिकवलं नाही का?"

"बर्फ सगळीकडून ठिबकतो. ही धार एकाच जागेवरून येतेय."

"सासूबाईंनी धूळ शोधत खिडकीवर बोट फिरवलं बघा," भट्टीवाला म्हणाला. "इकडे भट्टी थंड होतेय."

"सगळ्यांसमोर माझी लाज काढतोयस, कुरामोची."

क्रेन जागीच थांबली होती. मग कुरामोची सान म्हणाले, "मला भीती वाटतेय रे."

आणि त्यांनी मला मागे नेलं.

आवारात मला रिकामं केलं. तळाशी न्हाणीघरातली पाणी तापवायची जुनी टाकी होती, दबलेली, एका बाजूला चिरलेली, निम्मी भरलेली. ओनिझुका सान तिच्याशेजारी उकिडवे बसले. बराच वेळ उठले नाहीत. मग वायरलेस तोंडाशी धरून म्हणाले, "सासूबाई, खाली या. चहा पाजतो."

गेल्या वर्षी कुरामोची सान आजाराने गेले. त्यांची मुलगी त्यांचं हेल्मेट न्यायला आली होती. माझ्याकडे तिचं लक्ष गेलं नाही. ती वर क्रेनच्या केबिनकडे पाहत राहिली. मला तिला सांगायचं होतं की तुझे वडील भित्रे होते, म्हणून त्या दिवशी खालची दोन्ही माणसं घरी जेवायला गेली.

आता क्रेनवर नवा माणूस आहे. हात चांगला आहे त्याचा, वेळ वाया घालवत नाही. त्याने मला अजून एकदाही परत फिरवलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी गॅस बंद आहे का ते पाहायला दुसऱ्यांदा उठत असेल, तर त्याला हसू नका. त्याच्यासोबत जाऊन बघून या. माझ्यासोबत उठणारं आता कुणी नाही. आज पुन्हा बर्फ पडतो आहे आणि मला भरायला सुरुवात झाली आहे.