आर्चीची पाठ

पाठीला पाणी लागलं की कणा मऊ पडतो, असं स्कॉटलंडच्या कोळशाच्या खाणीत आमचे बाप सांगायचे. आम्ही समुद्र ओलांडून पेनसिल्व्हेनियात आलो, अक्कल मात्र तीच राहिली. आर्ची टेनंट तर त्यात कट्टर. रोज टबात बसून तोंड, छाती, हात खसाखसा घासायचा, पण पाठीला बायकोलासुद्धा शिवू द्यायचा नाही.

"तुझ्या काळ्या चादरी धुऊन माझे हात गेले रे!" मार्गेट करवादायची.

"चादर फाटली तर नवी येईल. माझा कणा मोडला तर खाशील काय?"

सोमवारी खाणीचं छत कोसळलं आणि नेमका कणाच मोडून आर्ची जागीच गेला. आम्ही त्याला घरी आणून टेबलावर ठेवलं. मार्गेटनं त्याचं तोंड धुतलं, छाती धुतली. मग आम्ही त्याला पालथा केला, तेवढ्यात दारात मॅनेजर क्रॉस्बी येऊन उभा राहिला. छताला लावायचे लाकडी टेकू आर्ची महिनाभर याच्याकडेच मागत होता, आणि हा भामटा नुसता "बघू" म्हणत होता.

"वाईट झालं, बाई," तो म्हणाला. "पण टेकू लावायचं काम त्याचंच होतं. आणि हे घर कंपनीचं आहे. शनिवारपर्यंत रिकामं करा."

माझे हात शिवशिवले. मार्गेट मात्र रडली नाही की ओरडली नाही. तिनं फडकं बादलीत बुडवून पिळलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"पाठ तुम्ही धुवा, साहेब. मला त्यानं कधी हात लावू दिला नाही. तुमच्यासाठीच राखली होती."