रानडुकरानं वाचलेलं जर्मन पुस्तक

"निशिकांतराव, सांगतो ते कुणालाही खरं वाटणार नाही. तुम्हाला तर नाहीच नाही. पुलाउ उबीन बेटावर एका रानडुकरानं जर्मन पुस्तक वाचलं. खाल्लं नाही हं. वाचलं."

निशिकांतरावांनी बुटाची नाडी सैल केली. ते बाराव्या मजल्यावरच्या सारंगचे वडील, नाशिकचे निवृत्त हेडमास्तर, माझ्यासारखेच परदेशात मुलाकडे राहणारे. काँडोच्या स्विमिंग पूलपाशी संध्याकाळचा आमचा बाक ठरलेला.

"डुक्कर जर्मन वाचत होतं हे तुम्हाला कसं कळलं, पद्माकरराव? तुम्हाला तरी येतं का?"

हेडमास्तरकी संपली, तरी माणूस नेमका नको तिथे बोट ठेवतो. पाच वाजायला दहा मिनिटं होती. पाचला आनेग्रेट पुस्तक न्यायला खाली येणार होती, आणि हीच गोष्ट तिच्यापुढे उभी करायची होती. निशिकांतरावांवर मी ती नुसती घासूनपुसून घेत होतो.

आनेग्रेट म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधली जर्मन बाई. नवरा रॅफल्स प्लेसला बँकेत, मुलगी फ्रीडा सहाला टेकलेली. आमच्या अरुणाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, तोंडात ते नाव काही बसेना, म्हणून ती सरळ 'अनघा' अशी हाक मारायची आणि ती बाई ओ द्यायची. ही अनघा दर महिन्याच्या शेवटी इंटरनेटवर एक यादी लिहिते. या महिन्यात आम्ही काय वाचलं, काय पाहिलं, घरात काय काय आवडलं. फेब्रुवारी २०१४च्या यादीत, घरातल्या आवडीखाली, मी होतो! 'समोरचे आजोबा. यांची गोष्ट चालू असली की फ्रीडा ताट चाटूनपुसून संपवते.' सूनबाईकडून, मेधाकडून, मी ते मोबाइलवर चार वेळा वाचून घेतलं. माझी सख्खी नात इरा दहाची झाल्यापासून माझ्या गोष्टीला 'हं'सुद्धा म्हणत नाही.

त्या भरात लिफ्टमध्ये मी आनेग्रेटला सांगून बसलो की पिंपरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं जर्मन मशीनवर काढली, जर्मन वाचतो मी. यात खोटं काय? 'तेल' आणि 'आत हात घालू नका' एवढं मी आजही वाचतो.

त्याच संध्याकाळी बाई पुस्तक घेऊन दारात. तिच्या पणजीचं, कापडी बांधणीचं, मुलांच्या गोष्टींचं. त्यांच्या घरची रीत अशी की सहाव्या वाढदिवसाला मुलानं त्यातलं एक पान मोठ्यानं वाचायचं आणि शेवटच्या कोऱ्या पानावर आपलं नाव लिहायचं. चार पिढ्यांची नावं होती तिथे. पाचवं फ्रीडाचं, पाच एप्रिलला, हॅम्बुर्गला. कारण ही मंडळी महिनाअखेरीला कायमची परत चालली होती.

"तोवर वाचा," ती म्हणाली, "आणि मार्चच्या यादीसाठी मला दोन ओळी सांगा."

दुसऱ्याचं पुस्तक घरात आलं की आपण आधी काय करतो? कव्हर घालतो. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं जाड पान घेतलं. त्यावर गणपती होता, तो आत कोंडायला जीव धजेना, म्हणून चित्र बाहेर ठेवून कडा दुमडल्या. असं नीट बसलं म्हणता! मग पुस्तक उघडलं. एक ससा, एक विहीर, छत्री घेतलेला एक माणूस. छत्रीवाला सशावर रागावला होता की ससा छत्रीवाल्यावर, हे तीन दिवसांत कळलं नाही. चौथ्या दिवशी पुस्तकच जागेवर नव्हतं.

"मग डुक्कर कुठे आलं यात?" निशिकांतराव.

"आलं ना! शनिवारी आमचा मुलगा प्रकाश, मेधा, इरा आणि मी उबीनला गेलो. बमबोटीतून, म्हणजे इथल्या छोट्या मोटरबोटीतून, उतरलो, सायकली घेतल्या. वाटेत झाडाखाली मी पुस्तक काढलं आणि डोळा लागला. जागा होतो तर समोर हे धूड! सोंडेनं, म्हणजे नाकाडानं, पान उलटतंय. सशाच्या चित्रापाशी थांबलं. मागचं पान परत काढून बघितलं."

"कशाला?"

"संदर्भ लागला नसेल. माझंही तसंच झालं होतं."

तेवढ्यात आनेग्रेट आलीच, फ्रीडाचं बोट धरून. मी सगळी गोष्ट इंग्रजीत सांगितली, शेवटी डुक्कर पुस्तक तोंडात धरून खाजणात गेलं इथपर्यंत. आणि हसण्याची वाट बघत बसलो.

ती हसली नाही. तिनं पर्समधून वही काढली.

"किती वाजता?"

"साडे... साडेदहा."

"जेटीपासून डावीकडे की उजवीकडे?"

सत्तर वर्षांत माझ्यावर असा विश्वास कुणी ठेवला नव्हता. डावं कुठलं, उजवं कुठलं? मी दोन्हीकडे हात केला. तिनं दोन्ही लिहून घेतलं. मग नवऱ्याला फोन लावला. जर्मन मला येत नाही म्हणतात, पण ती उद्याचं विमान सोडायला निघाली आहे, हे मला बरोबर कळलं.

"अहो, नको," मी म्हणालो. "डुक्कर फार आत गेलं."

"मग आत जाऊ," ती म्हणाली. "तिथे माझ्या आईचं अक्षर आहे."

निशिकांतराव मराठीत पुटपुटले, "आवरा आता, पद्माकरराव." आवरायचं तर खरं सांगायला हवं होतं. ते मला आज सकाळी साडेसातलाच कळलं होतं, आणि ते सांगण्यासारखं असतं तर मी डुकराच्या वाटेला गेलो असतो का?

फ्रीडानं माझा सदरा ओढला. "आजोबा, त्यानं मोठ्यानं वाचलं?"

"मोठ्यानं!" तोंडातून निघून गेलं. सवय हो.

"मग शेवटच्या पानावर त्यानं नाव लिहिलं? माझ्या जागेवर?"

नाही म्हणायचं होतं. दोन अक्षरी शब्द. पण पोरगी इतके मोठे डोळे करून बघत होती की मी म्हणालो, "लिहिलं. खुरानं."

फ्रीडाचा खालचा ओठ बाहेर आला. भोकाड आता पसरतं की मग, एवढाच प्रश्न. आनेग्रेट खाली वाकली. पूलमध्ये पाणी उडालं आणि इराचं निथळतं डोकं काठावर आलं. गोष्टीला 'हं'सुद्धा न म्हणणारी पोरगी पहिल्यापासून ऐकत होती.

"आजोबा, टू मच लाह!" ती अख्ख्या काँडोला ऐकू जाईल अशी ओरडली. "आँटी, ही इज ब्लफिंग! ते उबीनला आलेच नव्हते, गुडघा दुखतो म्हणून घरी झोपले होते. तुमचं बुक आजीच्या देवघरात आहे! कव्हरवर गणपती बघून आजीला वाटलं पोथी आहे. सतरा दिवस ती रोज त्याला हळदकुंकू लावतेय!"